रँकिंगचा आकडा मुळात कोणासाठी काढला होता?

प्रवेशाचे दिवस आले की दोन विद्यापीठांची नावं समोर ठेवून विद्यार्थी हमखास विचारतो, "यातलं रँकिंगमध्ये वरचं कोणतं?" प्रश्न रास्त आहे. आयुष्यातली तीन-चार वर्षं आणि घरचा पैसा पणाला लागलेला असतो, अशा वेळी आकड्याचा आधार वाटतो. पण हा आकडा आला कुठून याचा माग काढत गेलं, की याद्या करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी फार क्वचित होता हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

सुरुवात अमेरिकेतली. मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १९०६ मध्ये देशातल्या शास्त्रज्ञांची सूची काढली आणि त्यातल्या अव्वल हजार जणांच्या नावापुढे तारा लावला. १९१० च्या आवृत्तीत त्यांनी हे तारे कुठल्या विद्यापीठात किती आहेत ते मोजलं आणि क्रम लावला. मोठे शास्त्रज्ञ कुठे एकवटतात, हे त्यांना पाहायचं होतं. वर्गात कसं शिकवलं जातं, हा त्यांचा विषयच नव्हता.

त्याच सुमारास केंद्रीय शिक्षण विभागातले केंड्रिक बॅबकॉक ३४४ महाविद्यालयांची चार वर्गांत विभागणी करत होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्या पदवीधराची तयारी कितपत झालेली असेल, याचा विद्यापीठांना अंदाज यावा एवढाच हेतू होता. १९११ मध्ये मसुदा अधिकृतपणे प्रसिद्ध होण्याआधीच वर्तमानपत्रांच्या हाती लागला. खालच्या वर्गात टाकलेल्या महाविद्यालयांनी गहजब केला, आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी अहवाल प्रसिद्ध करायलाच मनाई केली. त्यांच्यानंतर आलेल्या विल्सन यांनीही ती उठवली नाही. आपला नंबर खाली लागल्याची धास्ती संस्थांना तेव्हापासूनची आहे.

सर्वसामान्य वाचकासाठी यादी आली ती १९८३ मध्ये, 'यू.एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या साप्ताहिकातून. तिची रीत अगदी साधी होती. १,३०० हून अधिक महाविद्यालयांच्या अध्यक्षांना प्रश्नावली पाठवून चांगली महाविद्यालयं कोणती असं विचारलं, आणि उत्तरं आली जेमतेम निम्म्यांची. म्हणजे जी होती ती ख्याती, तीही दुरून ऐकलेली. १९८८ पासून संस्थांकडून आकडेवारी मागवायला सुरुवात झाली. यादी त्याने भक्कम झाली खरी, पण ज्यांना गुण द्यायचे त्यांनीच माहिती पुरवायची, अशी ही व्यवस्था.

त्यातून काय होऊ शकतं, हे कोलंबिया विद्यापीठात दिसलं. १९८८ मध्ये अठराव्या जागी असलेलं हे विद्यापीठ पुढे दुसऱ्या जागी पोचलं. २०२२ मध्ये तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाचीच वेळापत्रकं उघडून तुकड्या मोजल्या. वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के असल्याचं यादीला कळवलं होतं. त्यांच्या हिशेबात ते ६३ ते ६७ टक्क्यांच्या आसपास भरले. काही आकडे चुकीच्या पद्धतीने काढल्याचं विद्यापीठाने मान्य केलं आणि त्याच वर्षीच्या नव्या यादीत ते पुन्हा अठरावं आलं. स्वतःच्या संस्थेविरुद्ध असं उभं राहायला धैर्य लागतं, आणि थॅडियस यांचं हे काम मला फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी 'यू.एस. न्यूज'ने वर्गाचा आकार हा निकषच वगळला. म्हणजे शिकणाऱ्याला रोज जाणवणारी गोष्टच मोजायची थांबली.

जागतिक याद्यांचा उगम वेगळा आहे. मे १९९८ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या शताब्दी समारंभात चीनचे तेव्हाचे अध्यक्ष जियांग झेमिन यांनी चीनला जागतिक दर्जाची विद्यापीठं हवीत असं जाहीर केलं. आपण नेमके किती मागे आहोत, हे मोजायला शांघाय जियाओ टोंग विद्यापीठातल्या ल्यू नियानत्साय यांच्या गटाने २००३ मध्ये यादी काढली. तिच्यात ३० टक्के वजन नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांना आहे; उरलेलं जवळजवळ सगळं शोधनिबंधांना आणि इतरांनी ते किती वेळा उद्धृत केले याला. पदकांच्या हिशेबात जुन्या दशकांतले विजेतेही धरले जातात. म्हणून जुन्या बर्लिन विद्यापीठाच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या नोबेलांचा वारस कोण, यावरून तिथल्या दोन विद्यापीठांत वाद पेटला, आणि काही वर्षं दोघांनाही यादीबाहेर राहावं लागलं. आज तिथे प्रवेश घेणाऱ्याला या वादाचं काय सोयरसुतक?

२००४ मध्ये 'टाइम्स हायर एज्युकेशन' हे ब्रिटिश नियतकालिक आणि 'क्यूएस' ही कंपनी यांची संयुक्त यादी आली; २००९ नंतर दोघांनी वेगळी चूल मांडली. 'क्यूएस'मध्ये प्राध्यापकांच्या मतांना बरीच वर्षं ४० टक्के वजन होतं. २०२३ मध्ये ते ३० वर आणलं, शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाचं २० वरून १० केलं, आणि कितीतरी संस्थांचे नंबर हलले. वर्ग, ग्रंथालय, शिक्षक होते तिथेच होते. चार-पाच जागांच्या फरकावरून विद्यापीठ निवडू नये असं मी म्हणतो, ते यासाठी.

तरी नंबराला काहीच अर्थ नाही असं म्हणणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ब्रिटनने २०२२ मध्ये सुरू केलेल्या एका व्हिसासाठी सुरुवातीला तुमचं विद्यापीठ तीन ठरावीक याद्यांपैकी किमान दोन याद्यांत पहिल्या पन्नासात असावं लागे. संशोधन करायचं असेल तर विषयवार यादीही कामाची. कुठल्या विभागात काम जोरात चाललंय, याची दिशा तीतून मिळते.

पण नाव मोठं म्हणून पुढचं आयुष्य सुधारतं का? स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न घेतला. साधारण सारख्याच महाविद्यालयांकडे अर्ज केलेल्या आणि सारखेच होकार-नकार मिळालेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी तुलना केली. जास्त चुरशीच्या ठिकाणी गेलेल्यांची आणि न गेलेल्यांची पुढची कमाई सरासरीने सारखीच निघाली. अपवाद होता तो कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा; त्यांना अशा संस्थेचा फायदा झाला. आईवडील फारसे न शिकलेल्या मुलांच्या बाबतीतही असंच घडतं, हे दोघांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं, आणि घरातून न मिळणाऱ्या ओळखी तिथे मिळत असाव्यात असा त्यांनी अंदाज बांधला. अशा मुलाने किंवा मुलीने मोठ्या नावाच्या जागेसाठी जरूर धडपडावं, आणि शिष्यवृत्ती किती, माजी विद्यार्थी नव्यांना हात देतात का, हे थेट तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. या दोन्हींसाठी रकाना असलेली जागतिक यादी मी अजून पाहिलेली नाही.