उताणं झोपलेलं बाळ गुदमरतं का?

‘उताणं झोपवलं तर उलटी घशात अडकेल, पालथंच बरं’ हा सल्ला अजून फिरतोच. शरीररचना नेमकं उलटं सांगते. उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध सहसा परत गिळलं जातं. पालथं झोपवलं की अन्ननलिका वर येते आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साचतं. शिवाय तोंड गादीत रुतलं, तर सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते. अमेरिकेत १९९४ मध्ये उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली. दशकभरात झोपेतले असे अचानक बालमृत्यू सुमारे निम्म्यावर आले. कुशीवरही नको, बाळ सहज पालथं होतं. गादी कडक, सपाट हवी. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशी तर आधी काढा. पालथं ठेवायचं ते जागेपणी, कोणी समोर असताना.