टर्बो घ्यावी की साधी, आणि ऑइल कधी बदलायचं

गाडी सर्व्हिसिंगला लावून चहा येईपर्यंत आमच्या गॅरेजात दोन प्रश्न ठरलेले. नवी गाडी घेणारा विचारतो, ‘टर्बो घेऊ की साधं इंजिन?’ ज्याच्या दारात टर्बो उभी आहे तो विचारतो, ‘सहा हजारच तर चाललीय, आत्ताच ऑइल कशाला?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यापायी तुमचाही वेळ जातो आणि आमचाही, म्हणून हा कागद छापला.

साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. टर्बोत बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं. चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असलं की कर कमी लागतो, त्यामुळे कंपन्यांनाही छोटं इंजिन आणि वर टर्बो हे गणित जमतं. मारुतीच्या फ्राँक्सचंच बघा. १.२ लिटरचं साधं इंजिन ११३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, देतं आणि तो मिळतो ४४०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे झाल्यावर. १ लिटरचं टर्बो १४८ च्या आसपास देतं, तेही दोन हजारांपासूनच. पाच माणसं, भरलेली डिकी, एसी चालू आणि समोर कसारा घाट, अशा वेळी हा फरक कळतो. ठाण्यातलं माजिवडा ते गायमुख ट्राफिक एवढंच रोजचं रडगाणं असेल तर साधं इंजिन पुरे, उरलेल्या पैशांत चांगले टायर घ्या.

आता ऑइल. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे ऑइल इंजिनातलंच, वेगळं नसतं. दांड्याच्या एका टोकाला धुराची भट्टी. असं भाजलेलं ऑइल किलोमीटरवर मोजून चालत नाही. घोडबंदर रोडच्या ट्राफिकमध्ये ताशी १२ चा वेग धरला तर सहा हजार किलोमीटरला इंजिन ५०० तास चालतं. तेच अंतर नाशिक हायवेला ताशी ६० नं १०० तासांत होतं. मीटरवर आकडा एकच, ऑइल मात्र पाचपट तास शिजलेलं.

मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली. निळा धूर, शिट्टीसारखा आवाज. चौदा महिने ऑइल तेच. ड्रेन बोल्ट काढला तर काकवी गळावी तसं काळं घट्ट काहीतरी उतरलं. टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी निम्मी बुजलेली. संप, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उघडून जाळी धुण्यातच आमच्या दोन पोरांचा दिवस गेला, टर्बो यायला आठवडा लागला आणि गाडीवाल्यांचे गणपती एसटीनं झाले.

म्हणून ट्राफिकमधल्या टर्बोला आम्ही पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी होईल ते, असं सांगतो. ‘कंपनी दहा हजार म्हणते, तुम्ही धंदा करता,’ हे ऐकून झालंय. धंदा तर करतोच. पण गाडीबरोबरचं पुस्तक उघडा. सतत थांबत-चालत, धुळीत गाडी चालत असेल तर लवकर बदला, असं बहुतेक पुस्तकांत छापलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही.

वाटेत कमी पडलं म्हणून पंपावरचं कुठलंही जाड ऑइल ओतू नका. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला चालायचं, पण या इंजिनांना पुस्तकातला ग्रेडच, म्हणजे तिथे दिलाय तेवढाच जाड-पातळपणा, लागतो. सकाळी गाडी चालू केल्यावर जाड ऑइल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ दांडा कोरडा फिरतो.

‘बंद करण्याआधी मिनिटभर चालू ठेवायची का?’ सोसायटीत हळू आलात तर गरज नाही. कसारा चढून इगतपुरीला लगेच चहाला थांबलात तर ठेवा, टर्बो तापलेला असतो.

आमच्याकडे ऑइलचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडतो आणि जुना फिल्टर दाखवतो. स्वतःचं ऑइल आणलंत तरी चालेल, मात्र डबा सीलबंद आणि ग्रेड बरोबर हवा. मग फक्त मजुरी घेऊ. सुटं ऑइल भरणार नाही, कृपया आग्रह करू नये. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, बघता येत नसेल तर येता-जाता थांबा, पोरं दाखवतील, त्याचे पैसे नाहीत.