वंशावळीत आत्या कुठे आहे?

कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्तानं २०२३पासून मराठवाड्यात घरोघरी वंशावळी निघाल्या. खासरा पत्रकं धुंडाळली गेली, जुन्या शाळांचे उतारे काढले गेले, मोडी वाचणाऱ्यांकडे हेलपाटे झाले. अशा बऱ्याच वंशावळी माझ्या पाहण्यात आल्या. पणजोबा, आजोबा, चुलते, त्यांची मुलं, सगळे रांगेत. लेकी मात्र क्वचित. दाखल्याला त्यांची गरज पडत नाही. पण घरातल्या आजाराचा माग काढायला बसलं, की हाच कागद अपुरा पडतो.

परभणी जिल्ह्यातल्या ओळखीच्या घरातला एक पंचविशीचा मुलगा असाच कागद घेऊन माझ्याकडे आला होता. वडील पंचेचाळिशीतले. चार-पाच वर्षांपासून त्यांचे खांदे, बोटं आपोआप हलतात, चालताना पाय भलतीकडेच पडतो, आणि एकेकाळचा शांत माणूस क्षुल्लक कारणावरून जेवणाचं ताट भिरकावतो. गावानं ‘दारू’ म्हणून निकाल लावला होता. या माणसानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. अखेर मेंदूविकारतज्ज्ञांनी रक्ततपासणी करून सांगितलं, हा हंटिंग्टनचा आजार आहे. मुलाचा प्रश्न एकच होता, “काका, हे मलाही होणार का?”

शक्यता निम्मी आहे. हे त्याला सांगताना मला जड गेलं, पण खोटा धीर देण्यापेक्षा कारण समजावून सांगणं बरं.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. या आजाराचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. त्यात सी, ए, जी ही तीन रासायनिक अक्षरं एकापाठोपाठ तशीच परत परत येतात. बहुतेक लोकांत ही आवर्तनं २६ किंवा त्याहून कमी असतात. ४० किंवा त्याहून जास्त असली, तर पुरेसं आयुष्य लाभलेल्या माणसाला आजार होतोच. ३६ ते ३९ आवर्तनं असलेल्या काहींना होतो, काहींना होत नाही. आवर्तनं वाढली की त्या जनुकाबरहुकूम बनणारं प्रथिन बिघडतं, आणि मेंदूच्या आतल्या भागात हालचालींना लगाम घालणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं मरत जातात. दोनांपैकी एकच प्रत बिघडलेली असली तरी पुरे. म्हणून बाधित माणसाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, ५० टक्के धोका असतो. थोरल्याला झाला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब इथे चालत नाही.

“पण आजोबांना तर काही नव्हतं. एक पिढी सोडून येतो म्हणतात ना?” त्यानं विचारलं. आम्ही कागद पुढ्यात घेतला. आजोबा चौतिसाव्या वर्षी विहिरीचं काम करताना दरड कोसळून गेले होते. हा आजार बहुधा तिशी ते पन्नाशीत डोकं वर काढतो. आजोबांकडे ती प्रत असलीच, तर ती दिसायला त्यांना वयच मिळालं नाही. बिघडलेली प्रत ज्याच्याकडे आलीच नाही, त्याच्या मुलाबाळांकडे ती त्याच्यामार्फत जाऊ शकत नाही. साखळी तिथेच तुटते.

कधी कधी आवर्तनं पुढच्या पिढीत वाढतातही. मोंढ्यात एकसारख्या पोत्यांची थप्पी मोजताना नजर चुकते ना, तसंच पेशीचं नक्कल करताना होतं. ही वाढ वडिलांकडून येणाऱ्या प्रतीत जास्त आढळते. आवर्तनं जितकी जास्त, तितका आजार साधारणपणे लवकर सुरू होतो.

अमेरिकेतल्या जॉर्ज हंटिंग्टन या तरुण डॉक्टरनं १८७२मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्यामागे त्याच्या वडिलांनी आणि आजोबांनी त्याच कुटुंबांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी होत्या. पुढे संशोधक नॅन्सी वेक्सलर यांनी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत घरोघरी फिरून १८ हजारांहून जास्त माणसांची वंशावळ मांडली. त्यांच्या आईला हाच आजार होता. त्या कुटुंबांनी दिलेल्या रक्तनमुन्यांमुळे १९८३मध्ये जनुकाचा ठावठिकाणा लागला, आणि १९९३मध्ये खुद्द जनुक सापडलं. २०२०मध्ये वेक्सलर यांनी आपल्यालाही हा आजार असल्याचं जाहीर केलं. मला या बाईंविषयी फार आदर वाटतो.

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, त्यामुळे असल्या आजाराचं खापर लगेच नात्यातल्या लग्नावर फुटतं. हंटिंग्टनला त्याची गरज नाही. विल्सनचा आजार किंवा चालण्याचा तोल घालवणारा फ्रिडरिकचा अटॅक्सिया मात्र दोन्ही प्रती बिघडल्या तरच होतो. त्यात आईवडील धडधाकट असतात, एकेक बिघडलेली प्रत नकळत बाळगून. हायब्रीडचं बी राखून दुसऱ्या वर्षी पेरलं, की शेतात न पाहिलेली झाडं निघतात. लपलेले गुण जोडीनं एकत्र आले की असे उघडे पडतात. नात्यात लग्न झालं तर दोघांकडे तीच प्रत असण्याचा संभव वाढतो. विल्सनमध्ये शरीरात तांबं साठतं. तो वेळीच ओळखला तर औषधांनी आटोक्यात राहतो, म्हणून तरुण मुलाचे हात थरथरू लागले तर ‘बाहेरचं’ म्हणून वर्ष घालवू नये.

आणि मेंदूचा प्रत्येक दुर्मीळ आजार वारशानं येतो असंही नाही. स्नायू दुबळे करत जाणारा एएलएस दहातल्या नऊ रुग्णांत घराण्यात आधी कुणालाही नसतो.

हंटिंग्टन मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही. हालचाली कमी करणारी टेट्राबेनाझिनसारखी औषधं आहेत, चिडचिडीवर, उदासीवर उपचार आहेत. लक्षणं नसलेल्या माणसाची तपासणी अठरा वर्षांनंतर, समुपदेशन घेऊन आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेनंच करायची असते. सोयरीक जुळवणाऱ्यांनी मागितली म्हणून नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या संस्थेत अशा कुटुंबांसाठी सोय आहे. मुलानं अजून ठरवलेलं नाही, आणि न ठरवण्याचाही त्याला पूर्ण हक्क आहे.

निघताना त्याची आई दारातून म्हणाली, “याच्या आत्याचंबी असंच व्हायचं. लागीर झालं म्हणून देवाला नेत होते.” कागदावर आत्या नव्हतीच. जालन्याकडे दिलेली, दहा वर्षांपूर्वी वारलेली, मागे तीन लेकरं. मुलानं पेन मागितलं, वडिलांच्या नावाशेजारी एक रेघ ओढली, तिचं नाव लिहिलं आणि खाली तिघांची. मग थोरल्या आतेभावाला फोन लावला.