बॉक्स बदलला, खरखर तशीच

'व्हीएचएफ-1 वर खरखर. चढताना जास्त. व्हीएचएफ-2 ठीक.'

मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलेल्या विमानाच्या टेक लॉगमध्ये, म्हणजे तक्रारवहीत, वैमानिकाने एवढंच लिहिलेलं असतं, आणि सकाळच्या पहिल्या फेरीला तेच विमान जायचं असतं. व्हीएचएफ म्हणजे जमिनीवरच्या कंट्रोलशी बोलायचा रेडिओ; 1 आणि 2 हे त्याचे वेगवेगळे सेट. विमानतळावर अशा तक्रारीला स्नॅग म्हणतात. एव्हिऑनिक्सचा, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा, इंजिनिअर कॉकपिटखालच्या इलेक्ट्रॉनिक्स बेमध्ये शिरतो, सेल्फ टेस्ट चालवतो, यंत्र म्हणतं 'पास'. कंट्रोलला हाक मारून बघतो, तर पलीकडून आवाज लख्ख येतो. दात ठणकतोय म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसताच दुखायचा थांबावा, तशातली गत.

अशा वेळी मोह होतो बॉक्स, म्हणजे रेडिओचं यंत्रच, बदलण्याचा. विमानातली रेडिओ यंत्रं रॅकमध्ये सरकवून बसवलेली असतात. जुना काढून नवा बसवायला फार वेळ लागत नाही. काढलेला बॉक्स शॉपमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कार्यशाळेत, जातो, तिथे टेस्ट बेंचवर सगळ्या चाचण्या पार करतो आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येतो. तोवर विमानात खरखर पुन्हा सुरू झालेली असते.

याचं कारण साधं आहे. या साखळीत सगळ्यात सुखात असतो तो बॉक्सच. हाल होतात ते अँटेनाचे, केबलचे आणि कनेक्टरचे. पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा उणे 54 अंशांच्या आसपास असते. तिथून विमान उतरतं ते जुलैतल्या मुंबईच्या ओल्याचिंब, खाऱ्या हवेत. थंडगार धातूवर लगेच दव धरतं. दिवसातून चार-पाच वेळा हे झालं की अँटेनाच्या बुडाशी असलेल्या कनेक्टरमध्ये, तिथून केबलच्या तांब्याच्या जाळीत पाणी मुरतं आणि तांबं हिरवं पडायला लागतं. अँटेना विमानाच्या पत्र्याला घट्ट, धातूला धातू लागून बसलेली हवी, कारण पत्रा हा त्या अँटेनाचाच अर्धा भाग असतो. मध्ये गंजाचा पापुद्रा आला की ते अर्धं अंग लुळं पडतं. जमिनीवर टॉवर शेजारीच असल्याने लंगडी अँटेनासुद्धा छान ऐकते. दीडशे किलोमीटरवर गेलं की पितळ उघडं पडतं.

म्हणून जाणता इंजिनिअर नवा बॉक्स मागवण्याआधी आहेत त्याच दोन बॉक्सची अदलाबदल करतो: एकचा दोनच्या जागी, दोनचा एकच्या जागी. पुढच्या उड्डाणात खरखर बॉक्सबरोबर दोन नंबरला गेली, तर बॉक्स दोषी. एक नंबरलाच राहिली, तर बॉक्स सुटला. आता केबल, अँटेना, वीजपुरवठा आणि कंट्रोल पॅनेल यांची पाळी. या युक्तीला एका पैशाचाही खर्च नाही. माझ्या मते या सगळ्या कामातली ही सर्वांत हुशार चाचणी.

पुढची पायरी मोजमापाची. प्रवासी विमानाचा व्हीएचएफ रेडिओ साधारण 25 वॅट शक्तीने प्रक्षेपण करतो. त्यातला एखादा वॅट अँटेनाकडून उलटा परत आला तर चालतं. सहा-सात वॅट परत यायला लागले की वाटेत काहीतरी तुंबलंय हे नक्की. नेमकं कुठे, ते शोधायला केबलमध्ये विजेचा अगदी छोटा ठोका सोडतात. कोॲक्स केबलमध्ये हा ठोका नॅनोसेकंदाला सुमारे 20 सेंटिमीटर धावतो. जिथे केबल चेपली आहे, पाणी शिरलं आहे किंवा पिन सैल आहे, तिथून त्याचा काही भाग माघारी फिरतो. प्रतिध्वनी 40 नॅनोसेकंदांनी आला, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर, बिघाड चार मीटरवर. मग छताची सगळी पॅनेलं उघडायची गरज नाही, नेमकं तेवढंच पॅनेल उघडायचं.

बोलण्याचा रेडिओ बिघडला तर निदान कानाला कळतं. दिशा दाखवणाऱ्या यंत्रांचं तसं नसतं. घाटकोपरच्या डोक्यावरून धावपट्टी 27 कडे येणारं विमान ज्या आयएलएसच्या (धावपट्टीची वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेच्या) आधाराने उतरतं, त्याचा लोकलायझर, म्हणजे डावं-उजवं दाखवणारा भाग, एकाच वाहक लहरीवर दोन सूर पाठवतो. वैमानिकाच्या डावीकडे 90 हर्ट्झचा सूर जोरात, उजवीकडे 150 हर्ट्झचा. दोन्ही सारखे ऐकू आले की विमान बरोबर मधल्या रेषेवर. रिसीव्हर फक्त दोन सुरांमधला फरक मोजतो आणि काटा हलवतो. आता गंमत बघा: दोन्ही सूर बंद पडले तर फरक शून्यच येईल, आणि काटा मध्यभागी उभा राहून 'सगळं छान' म्हणेल! म्हणून रिसीव्हर दोन्ही सुरांची बेरीजही तपासतो. ती कमी पडली की काट्यावर लाल फ्लॅग पडतो. बेंचवर टेस्ट सेट ठरावीक फरकाचा खोटा आयएलएस सिग्नल देतो. फरक शून्य असताना काटा मध्ये, 0.155 असताना शेवटच्या खुणेवर. आणि एक सूर काढून घेतला की फ्लॅग पडायलाच हवा. काटा बरोबर पण फ्लॅग सुस्त असेल, तर ते यंत्र विमानात परत जात नाही.

फ्लॅग न पडता चुकीचा आकडा आला तर काय होतं, याचं उदाहरण 25 फेब्रुवारी 2009 चं आहे. टर्किश एअरलाइन्सचं बोइंग 737-800 ॲमस्टरडॅमला उतरत होतं. जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या डाव्या रेडिओ अल्टिमीटरचा आकडा 1950 फुटांवरून एकदम उणे 8 वर आला. उजवा बरोबर दाखवत होता, पण इंजिनांची शक्ती आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल डाव्याचं ऐकणारा. विमान टेकलंच असं समजून त्याने इंजिनांची शक्ती उतरवली. वेग घटत गेला, विमान शेतात कोसळलं, नऊ जण गेले. त्या ताफ्यात रेडिओ अल्टिमीटरच्या तक्रारी आधीही होत्या.

हे यंत्र 4200 ते 4400 मेगाहर्ट्झच्या लहरी खाली सोडतं आणि परतीचा वेळ मोजतं. वेळ इतका बारीक, की अँटेनापर्यंतच्या केबलची लांबीसुद्धा हिशेबात धरावी लागते. एक मीटर जादा केबल म्हणजे उंचीत दोनेक फुटांची चूक. त्यामुळे दुरुस्तीत 'थोडी लांब असली तरी चालेल' हा आपला नेहमीचा कारभार इथे चालत नाही. दुसरी भानगड ओलाव्याची. पाठवणारी आणि घेणारी अशा दोन अँटेना पोटाखाली जवळजवळ असतात. ओल साचून लहरी जमिनीपर्यंत न जाता एकीतून थेट दुसरीत झिरपल्या, तर यंत्राला वाटतं जमीन इथेच आहे.

मुंबईत गंजाचा आणखी एक उपद्व्याप. एफएम प्रक्षेपण 108 मेगाहर्ट्झला संपतं आणि बरोबर तिथूनच विमानांच्या दिशादर्शक लहरींचा पट्टा सुरू होतो. दोन जोरदार एफएम लहरी एखाद्या कमकुवत सांध्यात मिसळल्या तर तिसरीच लहर जन्माला येते. समजा 106.4 आणि 104. पहिलीची दुप्पट वजा दुसरी, म्हणजे 108.8, थेट व्हीओआर या दिशादर्शक यंत्रणेच्या पट्ट्यात. गंजलेला धातूचा सांधा डायोडसारखा वागून हे मिश्रण स्वतःच तयार करू शकतो. रिसीव्हर एफएमला दाद न देणारे असावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम 1998 पासून आहे. पण तो रिसीव्हरला लागू, गंजाला नाही.

हँगरमध्ये या चाचण्यांचा पुष्कळदा विचका होतो. पत्र्याच्या भिंतींवरून लहरी आपटत राहतात, जीपीएस तर छपराखाली मिळतच नाही. मग ट्रॅक्टर जोडून विमान बाहेर काढायचं, तेही भर पावसात.

सगळ्यात स्वस्त उपकरण मात्र वैमानिकाची जीभ. खरखर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर होती? ढगात होती का? ढगात असेल तर संशय अँटेनापेक्षा पंखांच्या टोकाशी असलेल्या स्टॅटिक डिस्चार्जरवर जातो. ते तुटले की विमानावर साठलेली स्थिर वीज शांतपणे निसटत नाही आणि रेडिओत कडकडते. वळताना होती का? फक्त ऐकताना, की बोलतानाही? 'रेडिओ खराब' एवढ्या दोन शब्दांच्या स्नॅगवर रात्र वाया जाते. 'ढगात शिरल्यावर दोन्ही सेटवर खरखर, बाहेर आल्यावर बंद' एवढं लिहिलं असेल तर टॉर्च घेऊन आधी पंखाच्या टोकाशीच जायचं.

तरीही काही बॉक्स हाती लागत नाहीत. विमानात बिघडतात, बेंचवर पास होतात, दुसऱ्या विमानात जाऊन तिथेही बिघडतात. हे ओळखू येतात ते फक्त सीरियल नंबरचा माग ठेवला तरच. धंद्यात यांना 'रोग' (इंग्रजी rogue, म्हणजे उनाड) युनिट म्हणतात. त्यांना थंड-गरम करणाऱ्या पेटीत घालतात, हादरवतात, तासन्‌तास चालू ठेवतात. तिथेही काही सापडलं नाही तर काही कंपन्या असा बॉक्स सरळ भंगारात काढतात. लाखोंची वस्तू, आणि कागदोपत्री एकही दोष नाही.