मृत्यूदाखल्याची प्रमाणित प्रत : सीमाभागातील नोंदींची पार्श्वभूमी

घरातले माणूस गेल्यावर दिवसकार्य होईपर्यंत दाखल्याचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. पुढे जमिनीच्या उताऱ्यावर वारसांची नावे लावताना, बँकेतील ठेव सोडवताना, विमा किंवा कुटुंब निवृत्तिवेतन मागताना मात्र प्रमाणित प्रतींची गरज एकापाठोपाठ एक उभी राहते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील मराठी कुटुंबांपुढे अशा वेळी आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे मूळ नोंद कोणत्या दप्तरात आणि कोणत्या लिपीत सापडेल. त्याचे उत्तर या भूभागाच्या इतिहासात दडलेले आहे.

बेळगाव जिल्हा 1836 मध्ये धारवाडपासून वेगळा झाला आणि 1956 पर्यंत आधी मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात राहिला. जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदणीचा 1886 चा कायदा होता, पण त्याखालील नोंदणी ऐच्छिक असल्यामुळे खेड्यातील शेतकऱ्याचा त्याच्याशी फारसा संबंध आला नाही. गावातील मृत्यूची वर्दी पाटलाकडे जाई आणि लिखापढी कुलकर्ण्याच्या हातची असे. या नोंदींमागे सरकारचा हेतू मुख्यतः पटकी, देवी आणि पुढे प्लेग यांनी किती माणसे दगावली हे कळण्याचा होता. वारसाला पुरावा मिळावा, हा त्या दप्तराचा उद्देशच नव्हता, आणि जुन्या नोंदीत पूर्ण नाव किंवा वडिलांचे नाव न सापडण्याचे कारण मला तेथेच दिसते. त्यात कुलकर्ण्याचा हात मोडीला सरावलेला असल्याने असा जुना कागद पुढे आला, तर तो आज घरात कोणाला वाचता येत नाही.

शिवाय सगळा मुलूख एका अमलाखाली नव्हता. बेळगावला लागून असलेले शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते. आज दोन्ही एकाच शहरात मोडत असले, तरी त्या काळातील शहापूरच्या मृत्यूचा माग काढताना संस्थानी दप्तराचा विचार करावा लागतो. गावची लिखापढी करणारी वंशपरंपरागत कुलकर्णी वतने 1951 मध्ये गेली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यातच राहिला. त्यानंतर 1963 मध्ये पाटिलकीसह गावकामगारांची वंशपरंपरागत पदेही संपली. बारा वर्षांत लिहिणारा बदलला, राज्य बदलले आणि हळूहळू दप्तराची भाषाही बदलली.

आजच्या व्यवस्थेचा पाया म्हणजे 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम. त्याने नोंदणी सक्तीची केली, माहिती देणाऱ्याला नोंदीचा पहिला उतारा, म्हणजे दाखल्याची प्रत, विनामूल्य देण्याची तरतूद केली, आणि कलम 17 खाली कोणालाही शुल्क भरून नोंदीचा शोध व मृत्यूच्या नोंदीचा प्रमाणित उतारा मागता येईल असे ठरवले. हा उतारा न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य आहे. मृत्यूचे कारण मूळ नोंदवहीत असले तरी उताऱ्यात उघड करू नये, हे बंधनही त्याच कलमात आहे, आणि मृताच्या घराची अब्रू राखणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

सीमाभागात सर्वाधिक हेलपाटे होतात ते एका साध्या नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे: नोंद मृत्यू घडला तेथे होते, राहत्या गावी नव्हे. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरच्या इस्पितळात दगावला, तर त्याची नोंद महाराष्ट्रात असते आणि चंदगडचा माणूस बेळगावात उपचार घेताना गेला, तर ती कर्नाटकात. त्यामुळे प्रतीसाठी अर्ज लिहिण्याआधी मृत्यूचे ठिकाण व तारीख निश्चित करावी. बेळगावच्या कॅन्टोन्मेंट (लष्करी छावणी) हद्दीचे दप्तर महापालिकेहून वेगळे आहे, हेही ध्यानात असावे.

नोंदच झाली नसेल, तर प्रत मिळण्याचा प्रश्न येत नाही. एक वर्ष उलटून गेलेल्या मृत्यूची नोंद पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होत असे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्याने प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला.

राहिला भाषेचा प्रश्न. सरकारी कागदपत्रे मराठीतूनही मिळावीत, ही सीमाभागाची जुनी मागणी आहे. शाळेच्या दाखल्यावर देवनागरीत, मृत्यूदाखल्यावर कन्नडात आणि बँकेत इंग्रजीत लिहिलेले एकच नाव जुळवताना वारसांची किती दमछाक होते, हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. म्हणून जादा प्रती मागण्याआधी पहिल्या प्रतीवरील प्रत्येक अक्षर तपासावे. कलम 15 प्रमाणे चूक दुरुस्त होते, पण मूळ नोंद खोडली जात नाही. निबंधक, म्हणजे नोंदणी करणारा अधिकारी, समासात दुरुस्ती लिहून सही करतो व तारीख घालतो, आणि त्यानंतरच्या प्रतीच उपयोगाच्या ठरतात.