घरातील कमावती व्यक्ती तुरुंगात असताना कुटुंबाचे रेशन : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

घरातील कर्ता माणूस अटकेत गेला की रेशन बंद होते, अशी समजूत अनेक वस्त्यांमध्ये पक्की रुजलेली आहे. ती चुकीची आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ मध्ये आरोपीच्या किंवा शिक्षा झालेल्या कैद्याच्या कुटुंबाला अपात्र ठरवणारी कोणतीही तरतूद नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत असलेल्या सुमारे ५ लाख ७३ हजार बंद्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक जण कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा सिद्ध होण्याआधीच ज्यांची मजुरी थांबली आहे, अशा घरांची संख्या फार मोठी आहे, आणि ही माहिती प्रामुख्याने महाराष्ट्रातील अशा घरांसाठी आहे.

प्रथम आपले कार्ड कोणत्या गटात आहे ते पाहावे. अंत्योदय कार्डावर माणसे कितीही असली तरी कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते, त्यामुळे एक सदस्य तुरुंगात गेल्याने त्यात फरक पडत नाही. प्राधान्य कुटुंब गटात मात्र दर माणशी ५ किलो असा हिशेब असल्याने प्रत्येक नावाला महत्त्व आहे. दोन्ही गटांना हे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत दिले जाते. कार्डावरील प्रत्येक सदस्याची ई-केवायसी, म्हणजे आधारद्वारे ओळख पडताळणी, होणे अपेक्षित असते आणि तुरुंगातील व्यक्तीचा अंगठा दुकानातील यंत्रावर लागू शकत नाही. म्हणून दुकानदाराला तोंडी सांगून न थांबता तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेला, तर मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयाला, लेखी कळवून पोच घ्यावी. तुरुंगातील सदस्याच्या वाट्याचे धान्य मागावे असा याचा अर्थ नाही. त्याच्या अनुपस्थितीमुळे उरलेल्यांचे धान्य अडू नये, एवढ्यासाठीच हे पत्र द्यायचे. दुकानातून धान्य उचलायला कार्डावरील दुसऱ्या कोणाही सदस्याचा अंगठा चालतो.

खरी अडचण बहुधा कार्ड कोणाच्या ताब्यात आहे, येथून सुरू होते. अधिनियमाच्या कलम १३ नुसार घरातील १८ वर्षे पूर्ण केलेली सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख असते, आणि कार्डावर अजून पुरुषाचेच नाव असल्यास हा बदल याच कलमाच्या आधारे मागता येतो. नवरा तुरुंगात गेल्यावर मुलांना घेऊन माहेरी आलेल्या स्त्रीचे नाव पुष्कळदा सासरच्या कार्डावरच राहते, आणि तिच्या व मुलांच्या वाट्याचे धान्य ती जेथे राहत नाही तेथे उचलले जाते. अशा वेळी सासरच्या कार्डावरून नाव कमी करण्यासाठी नमुना ९, माहेरच्या कार्डावर वाढवण्यासाठी नमुना ८ आणि स्वतंत्र कार्ड हवे असल्यास नमुना १ भरावा लागतो. जिल्हा किंवा राज्य बदलून काही काळच राहायचे असेल, तर एवढा खटाटोप न करता ‘एक देश एक रेशन कार्ड’ या सोयीने आहे त्याच कार्डावर आपल्या वाट्याचे धान्य राहत्या ठिकाणच्या दुकानातून घेता येते.

अर्जासोबत सर्वांच्या आधार कार्डांच्या प्रती, कुटुंबप्रमुख स्त्रीचे छायाचित्र, राहत्या जागेचा पुरावा, आधीच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला जोडावा. प्राधान्य गटासाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार रुपये आणि शहरी भागात ५९ हजार रुपये आहे. ज्या घराकडे केशरी कार्ड आहे, पण धान्य मिळत नाही, त्याने येथे विशेष लक्ष द्यावे, कारण कमावत्या माणसाच्या अटकेनंतर त्याचे उत्पन्न या मर्यादेच्या खाली आलेले असू शकते. जुना दाखला न जोडता तलाठ्याकडून नव्याने चौकशी करवून तहसीलदारांचा चालू दाखला घ्यावा. पात्र असूनही नाव लगेच लागेलच असे नाही, कारण राज्याला सुमारे ७ कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे कमाल संख्या, ठरवून दिलेला असून तो अजूनही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. म्हणूनच अर्जाची तारीख असलेली पोच जपून ठेवावी आणि नकार मिळाल्यास त्याचे कारण लेखी मागावे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने हा हक्क दिलेला आहे.

कागदपत्रेच नसलेल्या घरांचे काय, हा यातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या जमाती १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, तरी पालावर राहणाऱ्या पारधी कुटुंबाला संशयावरून होणारी अटक आणि रहिवासाच्या पुराव्याअभावी न मिळणारे कार्ड ही दोन्ही संकटे आजही एकाच वेळी सोसावी लागतात. अशांनी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. तुरुंगातील माणसाच्या जामिनासाठी जे कार्यालय वकील देते, तेच २०१५ च्या दारिद्र्य निर्मूलनविषयक योजनेखाली घरच्यांच्या रेशनच्या अर्जालाही मदत करू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मदतीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

दुकानदार धान्य नाकारत असेल, तर १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि त्यानेही काम न झाल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. त्याच्या निर्णयाविरुद्ध राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येते. हक्काचे धान्य दिलेच गेले नाही, तर राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाच्या कलम ८ नुसार अन्नसुरक्षा भत्ता, म्हणजे धान्याऐवजी रोख रक्कम, मागता येतो. तक्रारीत या कलमाचा उल्लेख आवर्जून करावा.

कार्डाचे काम होईपर्यंत सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना अंगणवाडीतून आहार मिळतो, तर आठवीपर्यंतच्या मुलांना सरकारी व अनुदानित शाळेत मध्यान्ह भोजन मिळते. यासाठी रेशन कार्डाची गरज नसते. सुटून आलेल्या व्यक्तीचे नाव मधल्या काळात कमी झालेले असल्यास पुन्हा नमुना ८ भरावा आणि तिची ई-केवायसी त्याच वेळी करून घ्यावी.