भट्टीतला फ्लॉवर

‘ॲल्युमिनियमला गंज चढत नाही’ असं आपण सगळेच सर्रास म्हणतो. खरं तर ॲल्युमिनियम हवा लागताक्षणी गंजतं, लोखंडापेक्षा कितीतरी लवकर. त्या गंजाचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, पण इतका घट्ट बसतो की खालच्या धातूपर्यंत हवा पोचतच नाही. ६६० अंश सेल्सिअसला धातू वितळला तरी हा थर दुधावरच्या सायीसारखा वर राहतो. मुशीतली साय झाऱ्याने बाजूला सारा, खाली लख्ख आरसा दिसतो. बघता बघता तो आरसा मंद होतो. नवी साय धरलेली असते.

आता यात थोडं मॅग्नेशियम घाला. थंड पेयाचा कॅन घ्या. त्याच्या अंगात साधारण १ टक्का मॅग्नेशियम असतं, पण सपाट झाकणाला आतला दाब पेलायचा असल्याने त्यात सुमारे साडेचार टक्के असतं. असे मिश्रधातू पुन्हा वितळवायला घेतले की सायीचा स्वभावच बदलतो, ती खालच्या धातूला झाकेनाशी होते.

हे का होतं, याची गुरुकिल्ली पिलिंग आणि बेडवर्थ या धातुसंशोधकांनी १९२३ साली दिली. धातूचं ऑक्साइड, म्हणजे तो गंज, झालं की त्याचं आकारमान किती होतं, एवढाच त्यांचा प्रश्न. १०० घन सेंटिमीटर ॲल्युमिनियमपासून सुमारे १२८ घन सेंटिमीटर ऑक्साइड बनतं. म्हणजे पांघरूण अंगापेक्षा मोठं, सगळं झाकून वर उरणारं. १०० घन सेंटिमीटर मॅग्नेशियमपासून मात्र ८१च. डोकं झाकलं की पाय उघडे! थरात फटी राहतात आणि हवा आत शिरते. मला हा हिशोब फार आवडतो, कारण त्याला घनता आणि अणुभार यांपलीकडे काहीच लागत नाही. दहावीचा विद्यार्थीसुद्धा वहीत करून पाहू शकेल.

पण ९५ टक्के ॲल्युमिनियम असताना त्याची साय बचाव का करत नाही? कारण मॅग्नेशियमला ऑक्सिजनची ओढ जास्त आहे. ते ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडमधूनसुद्धा ऑक्सिजन हिसकावून घेतं. मॅग्नेशियम साधारण २ टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर मुख्यतः मॅग्नेशियम ऑक्साइडच असतं. काही वेळाने त्या थराखाली दोन्ही धातूंचं संयुक्त ऑक्साइड, म्हणजे स्पिनेल, वाढू लागतं. त्याचे स्फटिक वाढताना वरचा थर तडकतो, तडांतून द्रव धातू केशाकर्षणाने वर चढतो, हवेत येताच त्याचं ऑक्साइड होतं, ते पुन्हा तडकतं. भाजीतल्या फ्लॉवरसारखे गड्डे वर येतात. ओतशाळेत या मळीला ड्रॉस म्हणतात. ती काढून टाकावी तर तिच्यात अर्ध्याहून जास्त चांगला धातू अडकलेला असू शकतो.

गंमत अशी की सुरुवातीला बराच वेळ काहीच घडत नाही आणि मग एकदम फ्लॉवर फुलतो. ‘भट्टीला नजर लागली’ असं म्हणून लिंबू-मिरची बांधणारे मी पाहिले आहेत. तो शांत काळ म्हणजे स्फटिक रुजण्याची मुदत आहे, आणि तापमान जितकं जास्त तितकी ती लवकर संपते. तेव्हा लिंबाऐवजी तापमापीकडे बघावं. पेटलेल्या ड्रॉसवर पाणी तर कधीच टाकू नये. हायड्रोजन निघतो आणि स्फोट होऊ शकतो.

यावर जुना उपाय बेरिलियम या धातूचा. लाखात एखाद-दोन भाग घातलं तरी त्याचं ऑक्साइड पृष्ठभागाशी जमून थर दाट करतं. पण बेरिलियमची धूळ आणि वाफ फुप्फुसांचा कायमचा आजार देते, म्हणून कामगारांच्या दृष्टीने ते नकोच.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी वेगळा रस्ता धरला: भट्टीतल्या हवेत ४-५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळायचा. जळती मॅग्नेशियमची फीत या वायूत विझत नाही, हे शाळेत शिकलेल्याला हा उपाय उलटाच वाटेल. पण झाकणाच्या मिश्रधातूवर केलेल्या प्रयोगांत ऑक्सिडीकरण स्पष्टपणे मंदावलं. ज्या वायूचा दाब पेलण्यासाठी झाकणात एवढं मॅग्नेशियम घालावं लागतं, तोच वायू भट्टीत ते मॅग्नेशियम जपतो.